इंट्रानेटच्या पानावरून सामायिक मेलबॉक्सची लिंक कशी द्यावी

इंट्रानेटच्या, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळाच्या, पानावर ‘खरेदी विभागाचा मेलबॉक्स’ असे लिहून त्याला लिंक जोडायला दोन मिनिटेही लागत नाहीत. ती लिंक दाबल्यावर ज्यांचा त्या मेलबॉक्सशी संबंध आहे त्या सर्वांना तो बिनचूक उघडावा, संगणक बदलला किंवा आउटलुकची आवृत्ती बदलली तरी उघडावा आणि संबंध नसलेल्यांना उघडू नये, एवढे साधायचे असेल तर मात्र लिंक तयार करण्यापूर्वीच बरेच काही ठरवावे लागते. मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणाऱ्या आणि इंट्रानेटसाठी शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्याच साधनात पाने बनवणाऱ्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. गुगलच्या सेवा वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडे लिहिले आहे.

उदाहरणासाठी चाकण परिसरातील, वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना घेऊ. पुरवठादारांची कोटेशने, पीओच्या (खरेदी आदेशांच्या) पोचपावत्या, डिलिव्हरी चलने आणि मालाची टेस्ट सर्टिफिकेटे आजवर खरेदी विभागातील एकाच व्यक्तीच्या मेलवर येत आली आहेत. ती व्यक्ती रजेवर गेली की स्टोअर्सला चलन सापडत नाही आणि अकाउंट्सचे बिल अडकते. म्हणून सर्वांना पाहता येईल असा मेलबॉक्स हवा आहे, आणि त्याची वाट इंट्रानेटवरूनच मिळायला हवी आहे.

नेमके काय सामायिक आहे, ते आधी ठरवा

‘शेअर्ड फोल्डर’ हा शब्द कार्यालयांत चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि त्या चारींना लिंक देण्याची रीत वेगळी आहे. पहिली गोष्ट म्हणजे शेअर्ड मेलबॉक्स. त्याला स्वतःचा मेल पत्ता असतो, पण स्वतंत्र माणूस नसतो. दुसरी म्हणजे एखाद्या सहकाऱ्याने स्वतःच्या मेलबॉक्समधला एकच फोल्डर इतरांना पाहण्यासाठी खुला करणे. तिसरी म्हणजे पब्लिक फोल्डर, म्हणजे कोणा एकाच्या मेलबॉक्समध्ये नसलेले सामायिक फोल्डर, जे एक्स्चेंज सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरच्या १९९६ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून चालत आले आहेत आणि जुन्या कंपन्यांत अजूनही भरलेले सापडतात. चौथी म्हणजे मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुप, ज्यात मेलसोबत फाइली आणि कॅलेंडरही येते.

नव्याने सुरुवात करत असाल तर विभागीय कामासाठी शेअर्ड मेलबॉक्स निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरवठादाराला एक कायमचा पत्ता मिळतो, ५० जीबीपर्यंत त्या मेलबॉक्ससाठी वेगळे लायसन्स घ्यावे लागत नाही आणि लिंकसुद्धा सर्वांसाठी एकच राहते. ज्यांना तो उघडायचा आहे त्यांचे स्वतःचे लायसन्स मात्र असावे लागते, आणि कंपनीबाहेरच्या माणसाला त्यात सदस्य म्हणून घेता येत नाही. एकाच वेळी पंचवीसपेक्षा अधिक जणांनी तो वापरू नये, असा मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे. त्याहून मोठ्या गटासाठी ग्रुपचा विचार करावा.

सहकाऱ्याच्या खासगी मेलबॉक्समधला फोल्डर खुला करण्याची पद्धत कायमच्या कामासाठी टाळावी. तो सहकारी नोकरी सोडून गेला की त्याचे खाते बंद होते आणि फोल्डरही त्यासोबत जातो. शिवाय त्या फोल्डरची परवानगी देताना त्याच्या वरच्या प्रत्येक फोल्डरवर, अगदी मेलबॉक्सच्या मुळापर्यंत, ‘फोल्डर व्हिजिबल’ ही परवानगी द्यावी लागते. ती मधल्या एका पायरीवर जरी राहिली तरी समोरच्याला काहीच दिसत नाही, आणि लिंकच बिघडली आहे असा समज होऊन शोध चुकीच्या ठिकाणी सुरू होतो.

पब्लिक फोल्डरचा एक गुण मान्य करायला हवा. कोणी काय वाचले याची नोंद तिथे प्रत्येकाची वेगळी राहते. शेअर्ड मेलबॉक्समध्ये तसे नसते. स्टोअर्समधील कोणी सकाळी मेल उघडला की तो खरेदी विभागालाही ‘वाचलेला’ म्हणूनच दिसतो. त्यामुळे ‘ठळक अक्षरांतले मेल म्हणजे बाकी काम’ ही सवय सोडून, कोणी काय हाती घेतले आहे ते कॅटेगरीच्या रंगाने दाखवण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून लावावी. कॅटेगरीला माणसांची नावे देण्यापेक्षा ‘स्टोअर्सकडे’, ‘अकाउंट्सकडे’, ‘पुरवठादाराच्या उत्तराची वाट’ अशी नावे दिली तर माणसे बदलली तरी रंग तेच राहतात.

‘आउटलुक’ने सुरू होणाऱ्या जुन्या लिंक सोडून द्याव्यात

अनेक कंपन्यांच्या जुन्या इंट्रानेट पानांवर अशा लिंक सापडतात ज्यांच्या सुरुवातीला वेबच्या नेहमीच्या आद्याक्षरांऐवजी ‘आउटलुक’ हा शब्द, पुढे विसर्गासारखे अपूर्णविराम चिन्ह आणि त्यानंतर पब्लिक फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. एकेकाळी ही सोय उत्तम चालत असे. ब्राउझरमध्ये लिंक दाबली की आउटलुक पुढे येऊन नेमका तोच फोल्डर उघडे.

आउटलुक २००७ पासून मात्र ब्राउझरमधून अशी लिंक उघडण्याची नोंदणी आउटलुक स्वतःहून करत नाही. ती नोंद प्रत्येक संगणकाच्या विंडोज रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) हाताने किंवा ग्रुप पॉलिसीने, म्हणजे सर्व संगणकांना एकाच ठिकाणाहून सेटिंग लावण्याच्या सोयीने, परत घालावी लागते. ती घातली तरी अडचणी उरतात. रजिस्ट्रीतील नोंद आउटलुकच्या प्रोग्राम फाइलच्या नेमक्या जागेकडे बोट दाखवते. ऑफिसची आवृत्ती बदलून ती जागा बदलली की लिंक मुकाट्याने मरते. क्रोम आणि एज हे ब्राउझर दर वेळी ‘बाहेरचा प्रोग्राम उघडू का’ असे विचारतात आणि सावध कर्मचारी, अगदी योग्य कारणाने, ‘नाही’ म्हणतो. अशा लिंक ज्याच्या भरवशावर बेतल्या होत्या तो इंटरनेट एक्सप्लोररचा डेस्कटॉप ब्राउझर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. मोबाइलवर आणि मॅकवर विंडोजची रजिस्ट्रीच नसल्यामुळे तिथे या वाटेचा प्रश्नच येत नाही.

आणखी एक अडचण पटकन लक्षात येत नाही. आउटलुकच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पब्लिक फोल्डरच्या सर्वांत वरच्या पायरीच्या नावात त्या-त्या वापरकर्त्याचा मेल पत्ता जोडलेला असतो. त्यामुळे एका संगणकावरून उचललेला मार्ग दुसऱ्याकडे जुळत नाही. पान बनवणाऱ्याला लिंक चालताना दिसते आणि बाकी सर्वांना चालत नाही, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते.

या सर्वांवर उपाय एकच आहे: वेबवरच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या, आउटलुकचा पत्ता द्यावा. त्याला रजिस्ट्री लागत नाही, प्रोग्राम कुठे बसवला आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते, आणि कोणत्याही आधुनिक ब्राउझरमध्ये तो उघडतो. पुढची सगळी कृती याच पद्धतीची आहे.

मेलबॉक्स आणि परवानग्या

मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ॲडमिन सेंटरमध्ये ‘टीम्स अँड ग्रुप्स’ या विभागाखाली ‘शेअर्ड मेलबॉक्सेस’ हा पर्याय असतो. तिथे नवा मेलबॉक्स तयार करताना दोन गोष्टी विचारल्या जातात: दिसणारे नाव आणि मेल पत्ता. दिसणारे नाव खुशाल ‘खरेदी विभाग’ असे मराठीत द्यावे. मेल पत्ता मात्र साध्या रोमन अक्षरांत, छोटा आणि विभागाच्या नावाचा असावा. त्यात माणसाचे नाव किंवा वर्ष घालू नये. हाच पत्ता पुढे लिंकमध्ये जसाच्या तसा जाणार आहे, म्हणून तो नंतर बदलावा लागणार नाही याचा विचार इथेच करावा.

त्यानंतर सदस्य जोडावेत. ॲडमिन सेंटरमधून सदस्य जोडला की त्याला मेलबॉक्स वाचण्याची व सांभाळण्याची पूर्ण परवानगी आणि त्या पत्त्यावरून मेल पाठवण्याची परवानगी, या दोन्ही मिळतात. या दोन परवानग्या वेगळ्या आहेत हे विसरू नये. आमच्या उदाहरणातील अकाउंट्स विभागाला चलने आणि बिले पाहायची आहेत, पण खरेदी विभागाच्या नावाने पुरवठादाराला मेल पाठवायचा त्यांना अधिकार असू नये. अशांसाठी एक्स्चेंज ॲडमिन सेंटरमध्ये जाऊन ‘रिसिपियंट्स’, मग ‘मेलबॉक्सेस’, मग तो मेलबॉक्स निवडून ‘डेलिगेशन’ या टॅबवर ‘रीड अँड मॅनेज’ एवढीच परवानगी द्यावी आणि ‘सेंड ॲज’ची, म्हणजे त्या पत्त्यावरून मेल पाठवू शकणाऱ्यांची, यादी वेगळी ठेवावी.

‘रीड अँड मॅनेज’ म्हणजे केवळ वाचणे नव्हे. त्यात मेल हलवणे आणि काढून टाकणेही येते. ज्यांनी फक्त वाचावे अशी तुमची इच्छा आहे त्यांना संपूर्ण मेलबॉक्सची परवानगी न देता त्या विशिष्ट फोल्डरवर ‘रिव्ह्यूअर’ ही पातळी द्यावी. मात्र अशा माणसांना पुढे सांगितलेली संपूर्ण मेलबॉक्सची लिंक चालत नाही, कारण ती लिंक उघडायला पूर्ण परवानगी लागते. त्यांनी वेबवरच्या आउटलुकमध्ये डाव्या बाजूच्या ‘फोल्डर्स’ या शब्दावर उजवी कळ दाबून ‘ॲड शेअर्ड फोल्डर ऑर मेलबॉक्स’ हा पर्याय निवडावा आणि मेलबॉक्सचा पत्ता द्यावा. हे एकदाच करायचे असते, पण ज्याचे त्यालाच करावे लागते. म्हणून इंट्रानेटच्या पानावर या गटासाठी लिंकऐवजी हीच कृती तीन ओळींत लिहावी.

परवानगी एकेका व्यक्तीला द्यावी की सुरक्षा गटाला (परवानग्या एकत्र देण्यासाठी बनवलेल्या वापरकर्त्यांच्या गटाला), हा प्रश्न इथेच सोडवावा. मेल पत्ता असलेल्या सुरक्षा गटाला परवानगी दिली तर नवा माणूस गटात घेताच त्याला मेलबॉक्स मिळतो आणि गटातून काढताच तो बंद होतो. सांभाळायला ही पद्धत फार सोपी आहे. तिचा तोटा असा की विंडोजवरच्या जुन्या आउटलुकमध्ये मेलबॉक्स डाव्या बाजूला आपोआप येऊन बसण्याची सोय गटाला लागू होत नाही. ती फक्त व्यक्तीला थेट दिलेल्या परवानगीलाच लागू होते. पण इंट्रानेटवर लिंक देण्याचा हेतूच मेलबॉक्सची वाट एका जागी मिळावी हा असल्यामुळे हा तोटा इथे फारसा जाणवत नाही, आणि म्हणून मी गटाची पद्धत सुचवतो.

आणखी दोन सेटिंग्ज याच बैठकीत उरकून घ्याव्यात. शेअर्ड मेलबॉक्सच्या मागे एक वापरकर्ता खाते असते. त्यावरून थेट साइन-इन करणे बंद ठेवावे, म्हणजे पासवर्ड वाटून वापरण्याची वाट मुळातच राहत नाही. आणि त्या पत्त्यावरून पाठवलेल्या मेलची प्रत शेअर्ड मेलबॉक्सच्या ‘सेंट आयटम्स’मध्ये राहील अशी निवड करावी. तसे न केल्यास पाठवलेला मेल पाठवणाऱ्याच्याच मेलबॉक्समध्ये पडतो आणि पीओ रद्द केल्याचे उत्तर गेले की नाही, हे बाकीच्यांना कळत नाही.

परवानगी दिल्यावर लगेच तपासायला बसू नये. ती सर्वत्र लागू व्हायला तासभर लागू शकतो.

लिंक मिळवण्याची कृती

लिंक डोक्यातून टाइप करण्यापेक्षा उघडलेल्या मेलबॉक्सच्या पत्त्यावरून उचलणे सुरक्षित असते. स्वतःच्या खात्याने वेबवरच्या आउटलुकमध्ये जावे. उजव्या कोपऱ्यातील स्वतःच्या चित्रावर किंवा आद्याक्षरांवर टिचकी दिल्यावर ‘ओपन अनदर मेलबॉक्स’ असा पर्याय येतो. तिथे खरेदी विभागाचा पत्ता देऊन उघडावे. मेलबॉक्स नव्या टॅबमध्ये उघडतो आणि वरच्या पट्टीत त्याचा पत्ता दिसतो.

हा पत्ता उचलण्यापूर्वी नीट वाचावा, कारण त्यात अनावश्यक शेपूट असू शकते. आपल्या कामाचा भाग एवढाच आहे: वेबवरच्या आउटलुकच्या डोमेनचे नाव, तिरकी रेघ, ‘मेल’ हा शब्द, तिरकी रेघ आणि मेलबॉक्सचा संपूर्ण मेल पत्ता. त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि काही शब्द असतील, तर ते काढून टाकून उरलेला पत्ता नव्या टॅबमध्ये चिकटवून पाहावा. बहुधा तोच मेलबॉक्स तितक्याच व्यवस्थित उघडतो, आणि मग तोच छोटा पत्ता इंट्रानेटवर वापरावा. डोमेनच्या जागी काही कंपन्यांत जुने ‘ऑफिस डॉट कॉम’ दिसेल, तर काहींत ‘क्लाउड डॉट मायक्रोसॉफ्ट’ हे नवे डोमेन दिसेल. मायक्रोसॉफ्टने आपल्या सेवा त्या एका छताखाली आणण्याचे २०२३ मध्ये जाहीर केले, आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप नेले जाते. तुमच्या कंपनीच्या फायरवॉलमध्ये ठरावीक डोमेनांनाच परवानगी असेल, तर हे नवे डोमेन तिथे आहे ना, हे नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडून आधी खात्री करून घ्यावे.

मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुपसाठीही कृती तीच आहे. वेबवरच्या आउटलुकमध्ये तो ग्रुप उघडावा आणि पट्टीतला पत्ता घ्यावा. पब्लिक फोल्डरसाठी मात्र सर्वांना चालणाऱ्या लिंकच्या मागे लागू नये. ‘फोल्डर्स’वर उजवी कळ दाबून ‘ॲड पब्लिक फोल्डर टू फेव्हरिट्स’ निवडण्याची कृती पानावर लिहून द्यावी. ती प्रत्येकाने एकदा केली की काम भागते.

एका ठरावीक फोल्डरची लिंक आणि देवनागरी नावे

स्टोअर्सच्या लोकांना संपूर्ण मेलबॉक्स नको असतो, त्यांना ‘चलन’ हा एकच फोल्डर हवा असतो. मेलबॉक्स वर सांगितल्याप्रमाणे उघडून त्या फोल्डरवर टिचकी दिली की वरच्या पट्टीतला पत्ता लांबतो. इनबॉक्ससारख्या मूळच्या फोल्डरसाठी तिथे साधा शब्द दिसतो. आपण बनवलेल्या फोल्डरसाठी अक्षरांची आणि अंकांची एक लांबलचक माळ दिसते. ही माळ म्हणजे त्या फोल्डरचा अंतर्गत ओळखक्रमांक आहे. फोल्डरचे नाव बदलले तरी हा क्रमांक टिकतो, पण फोल्डर काढून त्याच नावाचा नवा बनवला तर क्रमांक नवा मिळतो आणि जुनी लिंक निकामी होते. म्हणून ज्यांची लिंक इंट्रानेटवर आहे असे फोल्डर कोणते, याची यादी मेलबॉक्स हाताळणाऱ्यांना दिलेली असावी आणि आवराआवर करताना त्यांना हात लावू नये असे ठरलेले असावे.

एवढे करूनही, फोल्डरच्या लिंक तीन-चारांपेक्षा अधिक देऊ नयेत. त्याऐवजी मेलबॉक्सची एकच लिंक द्यावी आणि शेजारी ‘इनबॉक्सखाली चलन, त्याखाली चालू वर्ष’ असा मार्ग शब्दांत लिहावा. शब्दांत लिहिलेला मार्ग चुकला तरी वाचणाऱ्याला अंदाज येतो. ओळखक्रमांक चुकला की त्याच्या हाती काहीच लागत नाही.

फोल्डरांना मराठी नावे देण्यात तांत्रिक अडचण नाही आणि ती जरूर द्यावीत. मात्र टाइप करण्याच्या पद्धतीवर एकमत हवे. ‘ॲडव्हान्स’ या शब्दाचे पहिले अक्षर संगणकावर तीन प्रकारे उमटते. एक स्वतंत्र अक्षर, जे मराठीसाठी युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीच्या, ५.१ या आवृत्तीत २००८ साली समाविष्ट झाले. दुसरे ‘अ’ टाइप करून त्यावर अर्धचंद्र चढवलेले. तिसरे हिंदी वळणाचे, ‘ए’वर अर्धचंद्र असलेले. पहिली दोन रूपे बहुतेक फाँटमध्ये डोळ्यांना सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती भिन्न आहेत. त्यामुळे एकाच मेलबॉक्समध्ये शेजारी शेजारी दोन ‘ॲडव्हान्स’ फोल्डर तयार होऊ शकतात, नावाने मेल वर्गीकृत करणारा नियम एकालाच ओळखतो आणि शोधात दुसरा सापडेलच असे नाही. फोल्डर एकाच व्यक्तीने, एकाच कीबोर्डवरून बनवावेत आणि पुढे नाव टाइप न करता कॉपी करून वापरावे, हा यावरचा साधा उपाय आहे.

मेलबॉक्सची भाषा बदलतानाही जपावे. वेबवरच्या आउटलुकच्या भाषेच्या सेटिंगमध्ये, मूळच्या फोल्डरांची नावे निवडलेल्या भाषेत बदलण्यासाठी एक चौकोन असतो. शेअर्ड मेलबॉक्स उघडलेला असताना कोणी तो टिचकवला तर सर्वांनाच इनबॉक्स आणि सेंट आयटम्स वेगळ्या नावाने दिसू लागतात आणि पानावर लिहिलेला मार्ग जुळत नाही. भाषा एकदा ठरवून तिथेच सोडावी.

शेअरपॉइंटच्या पानावर मांडणी

पान नवे बनवत असाल तर पहिल्यांदा प्रकाशित करताना शीर्षक रोमन अक्षरांत आणि छोटे ठेवावे, आणि प्रकाशित झाल्यावर ते मराठी करावे. पानाच्या पत्त्यातले नाव सुरुवातीच्या शीर्षकावरून ठरते आणि नंतर शीर्षक बदलले तरी ते तसेच राहते. शीर्षक आरंभापासून देवनागरीत असेल तर पत्त्यात टक्केचिन्हांची रांग लागते. ‘खरेदी’ या शब्दाचे काना-मात्रा धरून पाच घटक होतात, प्रत्येक घटकाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटला टक्केचिन्हासह तीन चिन्हे, म्हणजे एवढ्याशा शब्दासाठी पंचेचाळीस चिन्हे. असा पत्ता व्हॉट्सॲपवर किंवा मेलमध्ये पाठवताना मधेच तुटण्याची शक्यता वाढते.

लिंक मांडण्यासाठी ‘क्विक लिंक्स’ हा वेब पार्ट (पानावर बसवायचा तयार घटक) घ्यावा आणि त्याची मांडणी ‘लिस्ट’ ठेवून वर्णन दाखवण्याचा पर्याय चालू करावा. चौकोनी फरशांची मांडणी दिसायला आकर्षक असते, पण तिच्यात लिंक कशासाठी आहे ते सांगायला जागा नसते, आणि इथे त्या एका ओळीचे मोल चित्रापेक्षा कितीतरी जास्त आहे. शीर्षक क्रियेचे असावे: ‘खरेदी विभागाचा मेलबॉक्स उघडा’. वर्णनात कोणाला उघडेल आणि परवानगी कोणाकडे मागायची ते लिहावे, उदाहरणार्थ, ‘खरेदी, स्टोअर्स आणि अकाउंट्स विभागातील सदस्यांसाठी. परवानगी हवी असल्यास खरेदी प्रमुखांच्या संमतीसह आयटी हेल्पडेस्कला कळवा.’ हे वाक्य नसेल तर परवानगी नसलेला प्रत्येक माणूस लिंक दाबतो, नकाराचा संदेश पाहतो आणि हेल्पडेस्कला फोन करतो.

याच वेब पार्टमध्ये ‘ऑडियन्स टार्गेटिंग’ चालू करून ती लिंक ठरावीक गटालाच दिसेल असे करता येते. परवानगीसाठी वापरलेला सुरक्षा गट इथेही वापरला तर पान आणि मेलबॉक्स यांचा मेळ आपोआप राहतो. मात्र लिंक न दिसणे म्हणजे सुरक्षा नव्हे. पत्ता ज्याला ठाऊक आहे तो थेट टाइप करू शकतो. त्याला रोखते ती मेलबॉक्सची परवानगी.

मेलबॉक्स पानाच्या आतच, एखाद्या चौकटीत दाखवण्याचा मोह अनेकांना होतो. वेबवरचे आउटलुक दुसऱ्या पानाच्या चौकटीत उघडण्यास नकार देते, आणि ही सुरक्षेसाठी केलेली योग्य तरतूद आहे. तिथे वेळ घालवू नये.

वाचणारे थोडे, पाठवणारे अनेक

इंट्रानेटवर विभागाचा मेलबॉक्स शोधणाऱ्या बहुतेकांना तो उघडायचा नसतो, त्यांना त्या विभागाला मेल पाठवायचा असतो. ही गोष्ट लक्षात घेऊन दोन लिंक वेगळ्या द्याव्यात आणि पाठवण्याची लिंक वर ठेवावी. मेल पाठवण्याच्या लिंकमध्ये विषय आधीच भरून देता येतो. ‘मालाची मागणी, विभागाचे नाव, तारीख’ असा विषयाचा साचा दिला तर पुढे मेलबॉक्समधील नियमांनी ते मेल योग्य फोल्डरात घालणे सोपे जाते. विषयातील रिकाम्या जागा आणि ‘अँड’चे चिन्ह टक्केचिन्हाच्या रूपात लिहावे लागते, नाहीतर विषय अर्धाच भरला जातो.

काही मेलबॉक्स असे असतात की ज्यांची वाचण्याची लिंक इंट्रानेटवर कधीच देऊ नये. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने नेमलेल्या अंतर्गत समितीचा मेलबॉक्स हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण आहे. त्या कायद्याचे कलम १६ तक्रारीचा मजकूर आणि संबंधितांची ओळख उघड करण्यास मनाई करते. अशा समितीचा पत्ता आणि मेल पाठवण्याची लिंक इंट्रानेटवर ठळकपणे असलीच पाहिजे. मेलबॉक्स उघडण्याची लिंक समितीच्या सदस्यांना स्वतंत्रपणे द्यावी, आणि परवानगी गटाला न देता एकेका सदस्याला नावाने द्यावी, म्हणजे गटात चुकून कोणी जोडले गेल्याने मेलबॉक्स उघडा पडणार नाही. पगार, वैद्यकीय रजा आणि नोकरीसाठी आलेले अर्ज यांच्या मेलबॉक्सनाही हाच नियम लावावा.

तपासणी

पान बनवणाऱ्याकडे बहुधा जास्तीच्या परवानग्या असतात, त्यामुळे त्याच्या संगणकावर लिंक चालणे हा कसलाच पुरावा नाही. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून किमान तीन वेगवेगळ्या खात्यांनी तपासावे: पूर्ण परवानगी असलेला सदस्य, फक्त एका फोल्डरची परवानगी असलेला सहकारी आणि कोणतीच परवानगी नसलेला कर्मचारी. तिसऱ्याला मेलबॉक्स उघडता न येणे हा तपासणीचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. पहिल्याने एक मेल त्या पत्त्यावरून पाठवून त्याची प्रत शेअर्ड मेलबॉक्समध्ये पडते का, हेही पाहावे.

फोनवर वेगळे तपासावे. स्टोअर्समधील लोक गेटवर उभे राहून फोनवरच चलन पाहतात, आणि फोनच्या ब्राउझरमधली लिंक संगणकासारखी वागेल असे गृहीत धरता येत नाही. आउटलुकच्या मोबाइल ॲपमध्ये शेअर्ड मेलबॉक्स जोडण्याची सोय आहे. खाते जोडण्याच्या ठिकाणीच तो पर्याय मिळतो. ती कृती पानावर लिंकच्या खाली लिहून द्यावी.

कंपनी गुगलची सेवा वापरत असेल तर

जीमेलमधील लेबलची लिंक इंट्रानेटवर देणे निरुपयोगी आहे, कारण ती प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या जीमेलमध्ये नेते, आणि पत्त्यातला खात्याचा क्रमांकही प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये वेगळा असू शकतो. तिथे गुगल ग्रुप तयार करून त्यात ‘कोलॅबोरेटिव्ह इनबॉक्स’ची सोय चालू करावी आणि ग्रुपच्या पानाचा पत्ता द्यावा. त्यात आलेले संभाषण एखाद्या सदस्याला नेमून देता येते आणि पूर्ण झाल्याची खूणही करता येते. विभागीय कामाच्या दृष्टीने ही सोय चांगली आहे.

निगा आणि मेलबॉक्स बंद करणे

पानाच्या तळाशी ते शेवटचे कधी तपासले याची तारीख आणि जबाबदार पदाचे नाव असावे. दर तिमाहीला त्या पदावरील व्यक्तीने परवानग्यांची यादी मनुष्यबळ विभागाच्या यादीशी ताडून पाहावी. नोकरी सोडलेल्यांपेक्षा कंपनीतच दुसऱ्या विभागात बदलून गेलेल्यांकडे अधिक लक्ष द्यावे, कारण नोकरी सोडणाऱ्याचे खाते बंद होते, पण बदलून गेलेल्याची जुनी परवानगी कोणी आठवणीने काढली नाही तर तशीच राहते.

एखादा मेलबॉक्स बंद करायचा झाला तर पानावरची ओळ लगेच पुसू नये. लिंक काढून त्या जागी नवा पत्ता आणि बदलाची तारीख लिहावी, आणि पुरवठादारांचे मेल अजून येत असतील तोवर जुना पत्ता नव्या मेलबॉक्सला पर्यायी पत्ता म्हणून जोडून ठेवावा. त्यासाठी आधी जुन्या मेलबॉक्सवरून तो पत्ता मोकळा करावा लागतो. जुने मेल हवे असतील तर ते मेलबॉक्स काढण्यापूर्वीच हलवावेत. एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये काढून टाकलेला मेलबॉक्स साधारणपणे ३० दिवसांपर्यंतच परत आणता येतो.